मामा, त्या दिवशी गिऱ्हाईक घालवलंत, बरं केलंत

मामा, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या मेडिकलवर टोपीवाला एक पोरगा आला होता. मोबाइल पुढं करून "केस गळतात, हे क्लॅस्कोटेरोन औषध मागवून द्या" म्हणत होता. तो मी.

तोवर केसगळतीसाठी बोअरच्या खाऱ्या पाण्याला दोष देऊन झाला होता. आत्या म्हणायची चाई लागलीय, लसूण चोळ. दोन स्थळं येऊन गेली (केसांमुळंच गेली असं नाही, पण मला तसंच वाटायचं). तुम्ही टोपी काढायला लावली, कपाळाचे दोन्ही कोपरे बघितले आणि विचारलं, "जिंतूर-परभणी गाडीत खिडकीतून रुमाल टाकलाय का कधी?"

मग समजावलंत. केसाच्या मुळाशी पेशींत रिसेप्टर असतो, म्हणजे हार्मोन बसायची जागा, ते सीट. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून बनलेला डीएचटी हा हार्मोन त्यावर बसतो आणि घंटी मारतो. ज्याच्या घराण्यात टक्कल, त्याच्या पुढच्या मुळांना ती घंटी सोसत नाही. दर खेपेला केस आणखी बारीक, आखूड उगवतो. क्लॅस्कोटेरोन म्हणजे रुमाल. जागा धरतो, घंटी मारत नाही. "पण रुमाल उचलून बसणारे कमी असतात का?" हे तुमचं वाक्य. म्हणून ते रोज लावायचं. सोडलं की सीट परत डीएचटीची. रक्तात गेलेलं थोडंफार लवकर मोडतं, त्यामुळं बाकी अंगातल्या सीटांना फारसा धक्का नाही. फिनास्टेराइड हे दुसरं औषध निराळं, ते डेपोतच पॅसेंजर कमी करतं, डीएचटी बनवणारं एन्झाइमच अडवतं. आणि मिनॉक्सिडिल या भांडणात नाहीच, हे ऐकून मी गार! चार महिने ते हार्मोनचं औषध समजून चोळत होतो.

अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली ती मुरुमांवरच्या १ टक्का क्रीमला, हेही तुम्हीच सांगितलंत. डोक्याचं द्रावण वेगळं, त्याच्या चाचण्या वेगळ्या. "तोंडाचं डोक्याला फासू नको," म्हणत बिलाच्या पाठीमागं कातडीच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिलात.

गेलो, मामा. त्यांनी दिलेलं औषध चालू आहे. कोपरे भरले नाहीत, पण मागं सरकायचे थांबलेत. ताईच्या लग्नात वरातीपुढं बिनटोपीचा नाचलो. तुमचे लई उपकार.

त्या दिवशी तुमची विक्री झाली ती एका कंगव्याची, १० रुपयांची. तो अजून वापरतोय.