आप्पांचं ट्रेडल गेलं

नारायण पेठ, पुणे

प्रिय बंड्या,

ट्रेडल, आपल्या छापखान्यातलं ते जुनं छपाईचं मशिन, गेलं. ऑफसेट मशिन तर चैत्रातच सांगलीच्या एका माणसानं नेलं होतं. ते तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं त्यात काही नव्हतं. हप्ते थकले, विकलं. पण आप्पांचं ट्रेडल भंगारात किलोच्या भावानं गेलं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आमच्या तब्येती बऱ्या. आईची साखर आहे तशीच, माझं बीपी गोळीवर.

दिवस नेमका पालख्या यायचा. भंगारवाल्याला बजावलं होतं, लक्ष्मी रोड बंद होईल, सकाळी लवकर ये. तो उगवला दुपारी. टेम्पो अलका चौकात अडकला आणि हमाल चालत पोचले. त्यांनी मशिन खोलून सुटं केलं आणि बसले दारात, टेम्पोची वाट बघत. आई आतून ओरडली, "पालखीच्या दिवशी दारात माणसं उपाशी बसलीत, आणि तू काय हिशेब करतोयस?" मग पिठलं-भाकरी. तुला तिचं पिठलं माहीत आहे. मिरची कमी कर म्हणून सांगणारा तूच एकटा निघालास, आणि तेही ऐकलं गेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ट्रेडल भिंतीपासून ओढलं तशी मागून एक गठ्ठी पडली. तीच पत्रकं! वारकऱ्यांना वाटायची, तू छपाईचे खिळे जुळवलेली. 'बरें जालें देवा निघालें दिवाळी'. गड्या, इतक्या वर्षांनीसुद्धा 'दिवाळें'च्या जागी दिवाळीच! (प्रूफ मी वाचलं होतं असं तू अजून म्हणत असशील, तर बेळगावला येऊन भांडेन.) आप्पांनी तरीही सगळी वाटली होती. म्हणाले होते, वारकऱ्याला पाठ असतं, तो कागद कपाळाला लावतो, वाचत नाही. आणि तसंच झालं बघ. हमालांच्या मुकादमानं, गळ्यात तुळशीची माळ, एक पत्रक उचलून कपाळाला लावलं आणि चालीवर म्हणायला लागला. 'दिवाळें'च म्हणाला. मला हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसता तोंडातून निघून गेलं, "देवा, उपकार आहेत." चांगलं मोठ्यानं. ही स्वयंपाकघरातून बघायला आली.

तेव्हापासून मला झोप नीट नाही. उपकार कशाचे? माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या ते 2020 साल आठव. लग्नं पन्नास माणसांत उरकली, पत्रिका मोबाइलवर गेल्या आणि आमच्याकडे परत आल्याच नाहीत. राहिलं ते एका संस्थेच्या स्मरणिकेचं बिल, ते अजून 'पुढच्या बैठकीत' आहे. आई म्हणते, तुकोबांनी सावकारीची अर्धी खतं भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, तूही सोडून दे. म्हटलं, आई, आपल्याकडे बुडवायचं काम गिऱ्हाइकं करतात. आणि इंद्रायणीला आधीच फेस काय कमी आहे?

पण गंमत बाजूला ठेव. मला शंका अशी छळते की हे आभार म्हणजे लाच तर नव्हे? उरलंय ते तरी राहू दे, म्हणून आधीच हात जोडून ठेवायचे. आईची अर्धी भक्ती अशी आहे असं तू आप्पांच्या तोंडावर म्हणाला होतास, आणि आप्पांनी तुझा आठवडाभर चहा बंद केला होता. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता रात्री तुझंच वाक्य ऐकू येतं.

मग तुकोबांची गाथा काढून बसलो. 1630 चा तो दुष्काळ. पहिली बायको 'अन्न अन्न करितां मेली' असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, मुलगाही गेला. आणि हाच माणूस म्हणतो, बरं झालं, दिवाळं निघालं. याच माणसानं 'माझे लेखीं देव मेला' हेही म्हटलंय. तो अभंग आप्पांनी कधी छापला नाही, पण गाथेत तोही आहे, कुणी काढून टाकला नाही. मला वाटतं, दुसरा म्हणू शकला म्हणूनच पहिल्याला वजन आहे. लाच देणारा माणूस साहेबाला तोंडावर मेलास म्हणत नाही.

मशिन गेलं ते बरं झालं असं मी म्हणणार नाही. आईनं म्हण म्हणून सांगितलं तरी नाही. तुकोबा 'बाईल मेली मुक्त जाली' असंही म्हणून गेले, माझी तेवढी ताकद नाही. पण त्या दुपारी पीठ पुरलं, मुकादमानं आप्पांचा कागद घडी घालून टोपीत ठेवला, आणि मला कुणाला तरी ते सांगावंसं वाटलं. जो समोर होता त्याला सांगितलं. तू म्हणशील सवय. असेल. सवय लावणारे आप्पाच होते, आणि त्यांच्यावर तुझा माझ्याइतकाच जीव होता, हे नाकारून दाखव.

रागही त्याच्यावरच काढतो हल्ली. पोरीची फी भरायची आहे, परवा देवघरासमोर उभं राहून चांगलं सुनावलं. मग दिवा लावला. ही म्हणाली, आधी दिवा लावायचा, मग भांडायचं, अंधारात काय भांडता?

मला एका झेरॉक्सवाल्याकडे अर्ध्या दिवसाचं डिझाइनचं काम मिळालंय. पगार विचारू नकोस.

तुझं काय? वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? धाकट्याला कॉलेज मिळालं असं मुकुंदाकडून कळलं, त्याला आशीर्वाद. घराच्या वाटणीचं मिटव आता, भावाशी काय भांडतोस, भांडायला मी आहे की.

फोन करू नकोस, लिही, फोनवर तू नुसतं 'हं हं' करतोस. त्या लाचेचं काय ते नीट विचार करून लिही, मला खूश करण्यासाठी काहीतरी खरडू नकोस. गठ्ठीतली पाच-सहा पत्रकं सोबत पाठवतोय. दिवाळी तुझी आहे, तूच सांभाळ. आणि गणपतीत येणार असलास तर तिकीट आत्ताच काढ, मागच्यासारखा एसटीत उभा येऊन माझ्यावर चिडायचं नाही.

तुझा,
नाना