‘वर काढा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समुद्रतळाशी जुने जहाज सापडल्याची बातमी आली की ‘मग वर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत?’ असे विचारणारे वाचक हमखास निघतात. मीही त्यांतलाच. मुलगी स्टॉकहोमला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा तिथल्या संग्रहालयात ‘वासा’ हे स्वीडनचे जुने युद्धजहाज पाहिले आणि आता तसे विचारायला जीभ रेटत नाही.

वासा 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत, स्टॉकहोमचे बंदर सोडण्याआधीच बुडाले. 1961 मध्ये वर काढले तेव्हा जवळजवळ अखंड होते. तिथल्या बाल्टिक समुद्राचे पाणी फारसे खारट नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारा शिपवर्म तिथे जगत नाही. शिवाय शहराचे सांडपाणी बंदरातच यायचे. तळाच्या पाण्यात प्राणवायू उरला नाही, लाकूड कुजवणाऱ्या जीवांचे फावले नाही. म्हणजे जहाज वाचवले ते गटाराने!

पण अशाच पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जिवाणू सुखाने नांदतात. शाळेत किपच्या उपकरणातून हा वायू काढला की मुले नाक दाबून दाराकडे पळत. या वायूतला गंधक 333 वर्षे ओकच्या लाकडात मुरत राहिला. गंजून गेलेल्या हजारो बोल्टांचे लोहही मुरले. पाण्याखाली यातून काही बिघडत नव्हते. वर आल्यावर हवा लागली. ओले लाकूड नुसते वाळवले तर आकसून तडकते, म्हणून 17 वर्षे त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल (लाकडातल्या पाण्याची जागा घेणारे मेणासारखे रसायन) फवारले. काम फत्ते झाले असे वाटले असणार.

2000 सालचा उन्हाळा पावसाळी गेला. प्रेक्षकांच्या ओल्या कपड्यांनी संग्रहालयातली आर्द्रता वाढली आणि लाकडावर आम्लधर्मी क्षारांचे डाग फुटले. आत गंधकाचे गंधकाम्ल होत होते आणि लोह त्याला उत्प्रेरकासारखी मदत करत होते. सगळ्या गंधकाचे ऑक्सिडीकरण झाले तर सुमारे 5 टन आम्ल तयार होईल, असा अंदाज 2002 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापून आला. गंमत म्हणजे वर काढल्यावर जहाजात जे नवे बोल्ट ठोकले, तेही गंजणारेच होते! पाच हजारांहून अधिक बोल्ट 2011 पासून एकेक करून उपसावे लागले आणि त्या जागी न गंजणाऱ्या पोलादाचे बसवावे लागले. सोड्याचा लेप देऊन वरवरचे आम्ल मारता येते, पण तुळईच्या गाभ्यात तो पोहोचत नाही. लोहामुळे लाकडाला बळकटी देणारा सेल्युलोजही तुटतो, तो पुन्हा जोडता येत नाही. राहता राहिले तापमान आणि आर्द्रता काटेकोर सांभाळणे, तेही रोज.

इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’चीही हीच कथा. 1545 मध्ये बुडालेले ते जहाज 1982 मध्ये वर आले, त्यावरची फवारणी 2013 मध्ये थांबली आणि गंधक-लोहाचे दुखणे तिथेही आहेच.

युनेस्कोच्या 2001 च्या करारात, पाण्याखालचा वारसा शक्यतो आहे तिथेच जपण्याचा पर्याय आधी विचारात घ्यावा असे म्हटले आहे. आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की ‘जहाज वर काढणार’ अशी बातमी देताना पुढची शंभर वर्षे त्याच्या देखभालीचा खर्च कोण करणार, हेही संबंधितांना विचारावे.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, चिपळूण