ट्रॅकर बंद पडला की सॅटेलाइटला कशाला शिव्या?

मा. संपादक,

स.न.वि.वि. नव्या प्रवासी गाड्यांना लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण कंपल्सरी झालं १ जानेवारी २०१९ पासून, त्याचं एआयएस-१४० स्टँडर्ड तर आपल्या पुण्याच्याच एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने छापलेलं, तरी लोकेशन गायब झालं की अजून एकच उत्तर मिळतं, 'साहेब ढग आलेत, सॅटेलाइट पकडत नाही'. आमच्या मुलीच्या स्कूल व्हॅनवाल्या काकांनीही जूनमध्ये हेच सांगितलं. जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल ढगातून आरामात खाली येतो हो! मी स्वतः सर्किट बोर्डाची कामं करतो त्यामुळे राहवेना, म्हटलं काका ती ट्रॅकरची डबी द्या दोन दिवस.

उघडली तर आत ४ व्होल्टची एकच सप्लाय लाइन, तिच्यावर लोकेशन मोबाइल नेटवर्कवरून पाठवणारा सिमकार्डवाला टूजी मॉडेम, आणि तिथूनच एक स्वस्तातला १११७ रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारी चिप) लोकेशन शोधणाऱ्या जीपीएस मॉड्यूलला ३.३ व्होल्ट देणार म्हणे. आता या १११७ ला स्वतःसाठीच एक व्होल्ट लागतो, इथे उरतात ०.७, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच मॉड्यूल अर्धपोटी. त्यात मॉड्यूल बिचारं ३०-४० मिलिअँपवर भागवणारं आणि शेजारचा मॉडेम डेटा पाठवायला लागला की दर ४.६ मिलिसेकंदाला २ अँपपर्यंत ओढणारा. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून बघितलं, मॉड्यूलला एरवी ३ व्होल्ट आणि मॉडेम बोलायला लागला की २.५, मॉड्यूलला कमीत कमी २.७ पाहिजेत. म्हणजे लोकेशन पाठवायची वेळ आली की लोकेशन शोधणाराच रिसेट!

बरं रिसेट झालं तर झालं, पण मॉड्यूलची बॅकअपची पिन, म्हणजे पॉवर गेली तरी माहिती जपणारी, ती पण त्याच लाइनला जोडलेली, त्यामुळे दरवेळी वेळ आणि उपग्रहांची माहिती सगळं विसरून पाटी कोरी. ही माहिती वरून सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येते, मोकळ्या आकाशाखालीही अर्धा मिनिट धरा, आणि बिल्डिंगांच्या मधे तुटली की परत पहिल्यापासून. बॅकअपला एक बटण सेल असता तर बहुतेक वेळा एक-दोन सेकंदात काम झालं असतं.

मी जीपीएसला स्वतःसाठी कमी व्होल्टेज घेणारा वेगळा रेग्युलेटर दिला, मॉडेमच्या अगदी जवळ त्याचे झटके झेलायला मोठा कपॅसिटर आणि बॅकअपला सेल. शंभर रुपये पण गेले नाहीत.

काकांच्या गाडीत ट्रॅकरचं फिटिंग झालं तेव्हा गाडी उभी, इंजिन बंद, आकाश मोकळं, मोबाइलवर ठिपका दिसला आणि कागदावर सही झाली. स्टार्टर मारला की ट्रॅकरला पॉवर देणारी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी सात-आठवर येते, ते कोणी बघितलंच नाही. तेव्हा संबंधित खात्याला विनंती एवढीच, तपासताना तीन-चार वेळा स्टार्टर मारा, पॅनिक बटण दाबून डेटा जाऊ द्या आणि त्याच वेळी ठिपका टिकतोय का ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुरुस्तीनंतर व्हॅनचं लोकेशन एकदाही गेलेलं नाही. काकांचं म्हणणं, पाऊस उघडला म्हणून चालतंय.

एक पालक, भोसरी