ट्रंकेतल्या दोन डब्यांसाठी आवाहन

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत आपल्या वाचनालयाला गावातल्या एका फौजी घरातून जुनी लोखंडी ट्रंक मिळाली. आत पेन्शनीचे कागद, विरलेलं ब्लँकेट आणि तळाशी १६ मिलिमीटर फिल्मचे दोन गोल डबे. वरच्या चिठ्ठ्या कसरीने खाल्लेल्या. झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. फिल्मचं टोक खिडकीशी धरलं तर हाफपँटीतले रंगरूट रांगेत उभे, पुढ्यात हवालदार, तोंड उघडं. वीस-पंचवीस चौकटी झाल्या तरी तो ओरडतोच आहे.

रीळ नेमकं कुठलं, ते स्कॅन झाल्यावर कळेल. जातकुळी मात्र ओळखीची आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रचारपट काढायला इंग्रज सरकारने १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड नेमलं, आपले व्ही. शांतारामही काही काळ तिथे प्रमुख निर्माते होते. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था आली आणि प्रत्येक खेळाला २,००० फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवायची थिएटरवाल्यांवर सक्ती झाली. खेडोपाडी सिनेमाची गाडी फिरायची. गावातल्या नव्वदी ओलांडलेल्या एक आजी सांगतात, "पडद्यावरची पोरं पोटभर जेवत होती. ते बघून आमचा थोरला भाऊ भरतीला गेला."

या फिल्मांत कवायत, नवे बूट, गरम जेवण. मनीऑर्डर यायची थांबली की घरात काय होतं, ते नाही. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवसांत आपल्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं! एक भाऊ पलटणीत, दुसरा भूमिगत, अशी घरं आपल्याच गावात आहेत. ती सरकारी रिळात कुठून येणार?

म्हणून रिळाबरोबर या घरांच्या आठवणीही ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. सफाई, स्कॅनिंग आणि रेकॉर्डर मिळून अंदाजे ६०,००० रुपये लागतील. पन्नास रुपयेही चालतील, पावती मिळेल. पैसे जमत नसतील तर आजी-आजोबांजवळ दोन तास बसून ऐकून घेणारी तरुण मुलं द्या. खरं तर त्यांचीच जास्त गरज आहे. लंडनला असलेल्या गावकऱ्यांनी इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये हिंदी फौजेचं त्या काळचं चित्रण पाहून आम्हाला कळवावं.

पत्रं, पेबुकं (फौजी पगाराची पुस्तकं), फोटो असतील तर दाखवा. मेडल आम्हाला नको, फक्त फोटो काढू द्या.

आणि कुणाच्या माळ्यावर असा डबा निघाला तर कृपा करून प्रोजेक्टरवर चढवू नका. फिल्म आकसलेली असते, भोकं दात्यांत बसत नाहीत, टराटरा फाटते. पत्र्याखालच्या उन्हातून तेवढा खाली काढा, सावलीत ठेवा आणि निरोप द्या. वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं.

आपली,
वाचनालय समिती