लंकेच्या मेडलचं पत्र आलं

दि. १२ नोव्हेंबर

चि. भैयास अनेक आशीर्वाद.

तू ट्रेनिंगला गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. चार दिवस आधी आलं असतं तर तूच फोडलं असतंस. पोस्टमनने रस्त्यावरूनच हाक मारली, "आबा, फौजेचं आहे!" तुझ्या मम्मीला वाटलं तुझंच काही. कळण्याचं पीठ हाताला तसंच, बाहेर धावत आली. मी पाकिटावरचा शिक्का वाचून म्हटलं, पोराचं नाही, माझं आहे. तेव्हा ती ओट्यावर टेकली आणि बराच वेळ उठली नाही.

भैया, झालं. शीट रोल, म्हणजे माझ्या नोकरीच्या नोंदींचा कागद, दुरुस्त झाला. लंकेतल्या शांतिसेनेच्या सेवेची नोंद घेतली, त्या नोंदीचा अधिकृत हुकूम, पार्ट टू ऑर्डर, निघाली, आणि स्पेशल सर्व्हिस मेडल, श्रीलंकेच्या क्लॅस्पसकट, म्हणजे फितीवरच्या नावाच्या पट्टीसकट, माझ्या नावावर मंजूर झालं. मेडल मागाहून येईल. त्याच्या कडेवर फौजी नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. आलं की आधी नंबरच वाचणार आहे.

कारण घोळ नंबरचाच निघाला. मी अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरता, ज्या पलटणीबरोबर होतो, तिच्या नॉमिनल रोलमध्ये, म्हणजे नावांच्या यादीत, माझ्या नंबरचे दोन आकडे उलटसुलट पडले होते. त्यामुळे माझे तिथले महिने कुणाच्याच खात्यावर गेले नाहीत. माझी पलटण म्हणणार हा आमच्याकडे नव्हता, ती पलटण म्हणणार या नंबरचा माणूसच नाही. डिस्चार्ज बुकावर नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल आहे, वीस वर्षांचं आहे, १९९७ चं स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं आहे, लंकाच तेवढी नाही. २००६ ला घरी आलो तेव्हा मी हे पाहिलं होतं आणि पेटी बंद केली होती.

तू ती पेटी उघडलीस म्हणून मी तुझ्यावर ओरडलो होतो. ते माझं चुकलं. तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात सगळे माजी सैनिक कोट घालून बसले होते आणि तू विचारलंस, "पप्पा, तुमच्या कोटावर लंकेचं का नाही?" लोकांसमोर विचारलंस याचा मला राग आला. खरं तर तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. मोठ्या मायने, तुझ्या आजीने, माझी सगळी अंतर्देशीय पत्रं साडीच्या फडक्यात बांधून ठेवली होती, हे तू शोधलं नसतंस तर मला कधी कळलंच नसतं. तिला वाचता येत नव्हतं. गुरुजी वाचून दाखवायचे आणि ती ऐकून घडी घालायची. त्या पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, तारीख आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझा खरा नंबर होता, आणि त्यावरूनच जुना रोल सापडला. मेडलला पैसा मिळत नाही, पेन्शन वाढत नाही, हे तहसीलमधल्या बाबूने तुला ऐकवलं होतं, आणि तू त्याला म्हणालास, "मी पैसे मागायला आलोच नाही." ते मी बाहेर उभा राहून ऐकलं होतं. तुला कधी सांगितलं नाही, आज लिहितो.

आता मुख्य विचारायचं ते विचारतो. तुझी डावी नडगी कशी आहे?

भुसावळला प्लॅटफॉर्मवर ट्रंक उचलताना तू सगळा भार उजव्या पायावर घेतलास. मी विचारलं तर म्हणालास, काही नाही पप्पा, झोप झाली नाही. झोप न झालेला माणूस एका पायावर उभा राहत नाही. सहा महिने तू बोरीच्या पुलापासून डांबरी रस्त्यावर त्या पातळ बुटांनी सोळाशे मीटर मारत होतास. मी मागून सायकलवर घड्याळ धरून यायचो, आणि सेकंद कमी झाले की माझंच छाताड फुगायचं. तेव्हा पायाकडे पाहायला हवं होतं. रिक्रुटांच्या नडगीला पळून पळून केसासारखी चीर पडते. आधी फक्त पळताना दुखतं, मग चालताना, आणि दाबून ठेवलं तर एक दिवस हाड मोडतं. आमच्या स्क्वाडमधल्या एकाने पासिंग आऊट चुकू नये म्हणून दाबून ठेवलं होतं. त्याला घरी पाठवलं. म्हणून दुखलं तर सिक रिपोर्ट कर, एमआय रूममध्ये, पलटणीच्या दवाखान्यात, जा. उस्ताद दोन शब्द बोलेल, ऐकून घे.

हे एकदाच लिहायचं ठरवलं होतं. पुढचं लिहितो.

पत्रात दुसरा परिच्छेदही आहे. वुंड मेडलचा, म्हणजे लढाईत जखमी झाल्याच्या मेडलचा, तू जो वेगळा अर्ज जोडला होतास, त्यावर लिहिलंय की जखमी झाल्याचा कॅज्युअल्टी रिपोर्ट नाही, हॉस्पिटलचा कागद नाही, म्हणून विचार करता येत नाही. तू ऐकलंस तर चिडशील, अपील करू म्हणशील. करू नको. त्यांचं बरोबर आहे.

तो दिवस तुला पूर्ण कधी सांगितला नाही. १९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला, ऑक्टोबरात तमिळ वाघांशी लढाई पेटली, आणि आम्ही पुढच्या वर्षी मद्रासहून जहाजाने त्रिंकोमालीला उतरलो. मी वीस वर्षांचा होतो, आज तू आहेस तेवढा. वावुनियाच्या पुढे रस्ता मोकळा करायला निघालो होतो. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, मध्ये लाल माती, आणि रस्त्याखाली एक मोरी. पुढची गाडी मोरीवर गेली आणि उडाली. मी दुसऱ्या गाडीत होतो. छर्रा मांडीत शिरला हे मला उतरून चालायला लागल्यावर कळलं. पुढच्या गाडीतल्या दोघांना हेलिकॉप्टरकडे नेत होते, त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. नर्सिंग असिस्टंटने माझा छर्रा चिमट्याने काढला, पट्टी बांधली आणि विचारलं, नाव लिहू का? मी नको म्हणालो. त्या दोघांच्या शेजारी माझं नाव लिहायची मला लाज वाटली. ते दोघं परत आले नाहीत. लंकेतून असे अकराशेच्या वर परत आले नाहीत, आणि शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली तेव्हा आपल्या गावात कुणाला पत्ताही नव्हता. मी सुट्टीवर आलो तर लोक विचारायचे, तिथे लढाई होती का रे? या महिन्यात पंचवीस तारखेला महार रेजिमेंटच्या मेजर परमेश्वरनचा दिवस असतो. छातीत गोळी लागूनही लढले, परमवीर चक्र मिळालं, पण गेल्यावर. मी दर वर्षी त्या दिवशी उदबत्ती लावतो. या वर्षी तू घरी नाहीस, तुझ्या ताईला सांगितलंय.

त्या रात्री मी मोठ्या मायला पत्र लिहिलं. तू तेच पत्र स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं होतंस. "येथे सर्व खुशाल. जेवण चांगले आहे. माझी काळजी करू नये." वर तारीख त्याच दिवसाची. वाचून झाल्यावर तू माझ्या मांडीकडे पाहिलंस आणि काही न बोलता पत्राची घडी घातलीस. मी तिथे होतो हे ज्या पत्रांनी सिद्ध केलं, त्यांतच लिहिलंय की मला काही झालं नाही. रेकॉर्डवाल्यांनी तरी काय करावं?

आणि हे तू माझ्याकडूनच घेतलंस, याची मला भीती वाटते. चौथीत ट्रॉलीवरून पडलास, मनगट मोडलं, आणि दोन दिवस डाव्या हाताने जेवलास. मोठ्या मायच्या लक्षात आलं तेव्हा तिलाच म्हणालास, "माले काही नही व्हयनं." डॉक्टरनेही विचारलं, इतके दिवस गप्प कसा राहिला? मी त्या दवाखान्यात चार लोकांना अभिमानाने सांगितलं होतं, फौजीचा पोरगा आहे. तसं सांगायला नको होतं.

आता कागदांचं. नंबर मिळाला की तो पाठ कर आणि प्रत्येक कागदावर आकडा-आकडा जुळवून बघ. नावाचं स्पेलिंग, मम्मीचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, सगळं आधारप्रमाणे आहे का पाहा. नॉमिनेशन भरताना घाई करू नको. कुठे अटॅचमेंटवर पाठवलं तर जायच्या आधी आणि आल्यावर क्लार्ककडे जाऊन पार्ट टू झाली का विचार, आणि तारीख डायरीत लिही. क्लार्कला कंटाळा आला तरी विचार. लागलं, कापलं, भाजलं, ताप आला, तरी नोंद करायला लाव. तुम्हा अग्निवीरांमधला चार वर्षांनी चारातला एकच आत राहणार आहे, तेव्हा तुझ्या नावापुढे जे लिहिलेलं असेल तेच

पुन्हा सुरू झालो. माफ कर. तुझ्या सामानात आधीच मम्मीने उपदेश आणि बिबडे दोन्ही गच्च भरून दिलेत. तुला हे सगळं उस्ताद सांगतीलच. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहेस, अर्ज तर माझ्यापेक्षा फारच चांगला लिहितोस.

परवा एसटीने चाळीसगावला, लंकेत माझ्याबरोबर असलेल्या नानांकडे जाऊन आलो. तू त्यांना मोटारसायकलवर बसवून प्रतिज्ञापत्राला नेलं होतंस, तेव्हा त्यांना थोडं बोलता येत होतं. आता झटक्याने वाचा गेली आहे, उजवा हात उचलत नाही. मी पत्र त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. वाचलं, दोनदा वाचलं. मग डावा हात पुढे केला आणि माझ्या मांडीवर ठेवला, बरोबर त्या जागी, पँटवरून. सदतीस वर्षं झाली. त्यांना जागा लक्षात होती. वहिनी म्हणाल्या, चहा घ्या, पण मला तिथे चहा गेला नाही.

पुढच्या गाडीतल्या त्या दोघांपैकी एकाच्या घरचा पत्ता नानांच्या डायरीत आहे. मेडल आलं की तिथे जाऊन यावं असं मनात आहे. तुला सुट्टी मिळाली तर दोघं जाऊ.

कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. मम्मी तुझ्या खोलीत झोपते, म्हणते तिथे गारवा आहे. नोव्हेंबरात गारवा सगळीकडेच असतो, मी काही बोललो नाही.

सोबत पाच अंतर्देशीय पाठवतो, आपला पत्ता लिहून ठेवला आहे, तुला फक्त मजकूर लिहायचा आहे. फोन जमा असेल तोवर यावरच लिही. मी खुशालीच्या ओळीवर विश्वास ठेवणार नाही, ती ओळ मला चांगली माहीत आहे. पहिल्या ओळीत नडगीचं लिही. दुखते किंवा दुखत नाही, आणि एमआय रूममध्ये कोणत्या तारखेला दाखवलीस, एवढं. मग बाकीचं.

तुझा,
पप्पा