मातीतल्या शर्यतीला हक्काची माती द्या

महोदय,

घाटात पहाटे दुचाकी पळवणाऱ्या पोरांवर कारवाई झाल्याची बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून येते. यायलाच हवी. ताम्हिणीच्या वळणावर समोरून एसटी येत असताना गाडी आडवी घालणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण तीच दुचाकी परवाना काढून, छातीला चिलखत आणि मानेला नेक ब्रेस बांधून, डॉक्टर आणि रुग्णवाहिकेच्या साक्षीने आपल्याच शहरात पळते, तेव्हा ती बातमी खेळाच्या पानावर का येत नाही? ऑक्टोबर २०२५मध्ये बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून दुचाकी उडवत पळवायच्या शर्यतींच्या, दुसऱ्या हंगामाची पहिली फेरी झाली. सलमान खान या लीगचा ब्रँड अँबॅसिडर, त्यामुळे त्याचे फोटो भरपूर झळकले. कुठल्या गटात कोण जिंकलं, हे मात्र माझ्या तरी वाचनात आलं नाही.

मी निगडीचा, वाहन कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. मातीतल्या शर्यतींत मार्शल म्हणून झेंडा घेऊन उभा राहतो. आमची जागा उडीच्या पलीकडच्या उतारावर. उंचवट्यावरून हवेत झेपावणाऱ्या रायडरला पलीकडे कोणी पडलंय का, हे दिसत नाही. त्याला दिसतो तो आमचा पिवळा झेंडा. झेंडा हलताना दिसला की उडी मारायची नाही, ओव्हरटेक करायचं नाही, चाकं जमिनीला लावून उतरायचं. नियम साधा आहे. पण सुरुवातीचं गेट पडल्यावर पहिल्या वळणासाठी जी झुंबड उडते, त्या धुंदीत उजवी मूठ आपोआप सैल पडायला हवी, म्हणजे मग थ्रॉटल सुटतो. आणि ते वाचून येत नाही, सरावानेच येतं. सराव कुठे करायचा, हाच तर प्रश्न आहे.

कारण सुपरक्रॉसचा ट्रॅक कायमचा नसतो. शर्यतीच्या काही दिवस आधी डंपरच्या खेपा सुरू होतात, जेसीबी उंचवटे रचतो, टँकर पाणी मारतो, व्हूप्सची, म्हणजे लागोपाठच्या छोट्या उंचवट्यांची, रांग हाताने फावडं मारून नीट केली जाते. शर्यत झाली की लग्नाचा मांडव उतरावा तशी सगळी माती पुन्हा डंपरमध्ये चढते. लीग पुण्याहून हैदराबादला गेली, डिसेंबरात कोळिकोडला संपली. २०२४च्या पहिल्या हंगामातही पुणे, अहमदाबाद, बेंगळुरू असाच प्रवास होता. दोन्ही वेळा सुरुवात पुण्यातून. याचा आम्हाला अभिमान आहेच. पण दोन्ही वेळा मागे काय उरलं, तर सपाट केलेलं मैदान.

डांबरी ट्रॅकवरच्या राष्ट्रीय शर्यतींचं वर्ष वेगळं चालतं. चेन्नईजवळचं इरुंगाट्टुकोट्टई आणि कोइम्बतूर ही त्यांची घरं. १६५ सीसीच्या गटापासून मुलींच्या स्वतंत्र गटापर्यंत सगळं तिकडेच. आपल्याकडची पोरं गाडी टेम्पोत किंवा रेल्वेच्या पार्सल डब्यात घालून तिथे जातात आणि बहुतेक वेळा स्थानिक मुलांपेक्षा निम्म्या सरावावर उतरतात. तरीही महाराष्ट्रात डांबरी सर्किट बांधा, असं मी म्हणत नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट डोळ्यांसमोर आहे. २०११मध्ये फॉर्म्युला वन आलं, तीन वर्षांत गेलं. सप्टेंबर २०२३मध्ये दुचाकींची जागतिक शर्यत, मोटोजीपी, आली, पुढच्या वर्षी आलीच नाही. एवढा पांढरा हत्ती पोसायची आपली ऐपत नाही. मातीचा ट्रॅक ही त्या मानाने किरकोळ गोष्ट आहे: काही एकर पडीक जमीन, मुरूम-माती, पाण्याची सोय, कुंपण आणि माणसं.

आता गंमत पाहा. नोव्हेंबर २०२४मध्ये केटीएमने भारतात मोटोक्रॉसच्या, म्हणजे फक्त मातीतल्या शर्यतीच्या, गाड्या आणल्या. लहान मुलांच्या ५० सीसी गाडीची किंमत तेव्हा पावणेपाच लाख होती, २५० सीसीची साडेनऊ लाखांच्या वर. या गाड्यांना ना हेडलाइट, ना इंडिकेटर. आरटीओत त्यांची नोंदणीच होत नाही. म्हणजे गाडी रीतसर विकत घेता येते, पण सार्वजनिक रस्त्याच्या एका फुटावरही ती कायद्याने चालवता येत नाही. मग बापाने ती पोराच्या हाती द्यायची कुठे? दिवाणखान्यात? याच कंपनीच्या रस्त्यावरच्या गाड्या चाकणला तयार होऊन जगभर जातात, आणि त्याच चाकणच्या पंचक्रोशीत माझ्या माहितीत सरकारी मालकीचा एकही मातीचा ट्रॅक नाही. खासगी जागांवर काही ट्रॅक आहेत, तिथे मनापासून शिकवतातही. पण जागामालकाला प्लॉटिंग सुचलं की ट्रॅक गेला.

हे लाड कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. केरळच्या शोरनूरचा हरित नोआ २०२४च्या डकार रॅलीत रॅली-२ या दुसऱ्या फळीच्या गटात पहिला आला, एकंदर क्रमवारीत अकरावा. सौदीच्या वाळवंटात हे करणारा हा मुलगा त्याआधी पाच वेळा राष्ट्रीय सुपरक्रॉस विजेता होता. २०१५मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष, तोही याच मातीतून आलेला. आपल्याकडे पुण्याचा ऋग्वेद बारगुजे राष्ट्रीय सुपरक्रॉसमध्ये वर्षानुवर्षं आघाडीवर आहे. नाक्यावरच्या किती पोरांना त्याचं नाव माहीत आहे?

धोका आहे, हे नाकारून चालणार नाही. ऑगस्ट २०२३मध्ये चेन्नईला राष्ट्रीय शर्यतीत बेंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा पडून दगावला. पुढच्या शर्यती रद्द झाल्या आणि मुलांनी कुठल्या वयात काय चालवावं, यावर बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्याचं उत्तर मुलांना ट्रॅकपासून लांब ठेवणं हे नाही, कारण लांब ठेवलेला मुलगा घाटात जातो. घाटात झेंडा दाखवायला कोणी नसतं.

येत्या हंगामाचं वेळापत्रक देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाकडून, म्हणजे एफएमएससीआयकडून आलं की आपण ते कबड्डी-क्रिकेटसारखं खेळाच्या पानावर छापावं आणि सोमवारी निकालाला चार ओळी द्याव्यात, ही आपल्याला विनंती. क्रीडा खात्याला आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (पीएमआरडीए) विनंती अशी, की पावसाळा सरून मातीचा हंगाम सुरू होण्याआधी जागेचा निर्णय करावा. फी घ्या, परवाना तपासा, रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय गाडीला किक मारू देऊ नका. शनिवार-रविवार झेंडे घेऊन उभं राहायला आम्ही निवृत्त मंडळी बिनपगारी येऊ; चहा तेवढा सांगा.

आपला,
एक वाचक, निगडी, पुणे