फ्रँकी नकल्स राहिलाच की!

रविवारच्या पुरवणीतला डान्स म्युझिकवरचा लेख वाचला, चांगलाय, पण सगळं इबिझा (स्पेनमधलं क्लबांचं बेट) नि मोठे फेस्टिवल्स, हाऊस म्युझिकचा पाया घालणारा डीजे फ्रँकी नकल्स, त्याचं नावच नाही म्हणजे कमाल झाली राव. न्यूयॉर्कचा हा पोरगा 1977 ला शिकागोच्या वेअरहाऊस क्लबात वाजवायला आला, तिथं गर्दी मुख्यतः कृष्णवर्णीय नि लॅटिनो समलिंगी पोरांची, ज्यांना इतर क्लबात कुणी धड उभं करत नव्हतं. डिस्कोच्या नव्या रेकॉर्ड्स आटल्या तेव्हा हा गडी टेप ब्लेडने कापून, चिकटवून, नाचायचा तुकडा लांबवायचा, नंतर खाली ड्रम मशीनचा ठोकाही लावायला लागला. मग डब्ल्यूबीएमएक्स रेडिओवर हॉट मिक्स फाइव्ह नावाच्या डीजे मंडळींनी हे नवं नाचाचं संगीत, म्हणजे हाऊस, शहरभर पोचवलं आणि पोरं कॅसेटवर भरून घ्यायला लागली (आपल्याकडं बिनाका भरून घ्यायचे तसंच). 1998 मध्ये रीमिक्सरसाठीचं (म्हणजे गाणं नव्या ठोक्यात बांधणाऱ्यासाठीचं) पहिलंवहिलं ग्रॅमी फ्रँकीलाच मिळालं, शिकागोत त्याच्या नावाचा रस्ताही आहे. तो 2014 ला गेला. पुढच्या पुरवणीत अर्धं पान तरी द्या की त्याला, आणि फोटो जरा मोठा टाका.

– एक वाचक, पुणे